वजनाचं इंजेक्शन घ्यायला लागून सात महिने झाले, काटा अडकलाय. पुढे काय होतं? मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार. डॉक्टरांना हे विचारलंय आणि पुन्हा विचारणारही आहे. पण आत जेमतेम दहा मिनिटं मिळतात आणि बाहेर पंचवीस पेशंट ताटकळत असतात. ज्यांनी हे औषध वर्षभर किंवा त्याहून जास्त घेतलंय त्यांचे अनुभव हवे आहेत. पहिल्या दोन महिन्यांचं सगळेच सांगतात. सातव्या महिन्याचं मला कोणी सांगितलं नाही.

वय ४७, उंची पाच फूट दोन इंच, राहायला कराडजवळ. वजन ९६ किलो होतं. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. दोन्ही गुडघे दुखायचे. चालणं, एक वेळ जेवण, डाएटिशियनचा तक्ता, सगळं वीस वर्षांत करून झालंय. दर वेळी सहा-सात किलो उतरायचं आणि आठ-नऊ चढायचं. मौंजारो, म्हणजे हे इंजेक्शन, मार्च २०२५ मध्ये भारतात आलं. दसरा झाल्यावर आमच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, हे खोदून खोदून विचारलं आणि मग सुरू केलं. चार आठवडे २.५ मिलिग्रॅम, मग ५. दर रविवारी सकाळी पोटावर.

पहिले दोन महिने नीट सांगते, नवीन कुणी वाचत असेल तर उपयोग होईल. सोमवार-मंगळवारी मळमळ. डोस वाढवला त्या आठवड्यात कुजक्या अंड्यासारखे ढेकर, आणि संडासला चार-चार दिवस होत नसे. इसबगोल आणि भरपूर पाणी सुरू केल्यावर ते आटोक्यात आलं. तळलेलं खाल्लं की रात्रभर पोटात दगड ठेवल्यासारखं वाटायचं. पण डोक्यातली खाण्याची भुणभुण थांबली. दुपारचे चार वाजले की माझे पाय आपोआप फरसाणाच्या डब्याकडे वळायचे. एक दिवस लक्षात आलं की सहा वाजून गेलेत आणि डब्याची आठवणच झाली नाही. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. आयुष्यभर मला वाटत होतं की माझ्यातच जिद्द नाही.

तर ९६ चे ८३ झाले. साखर ५.५ वर आली. माडीचा जिना न थांबता चढते.

आता अडचण. गेले सात आठवडे काटा ८३ आणि ८३.६ च्या मध्येच फिरतोय. खाणं तेच, चालणं तेच. शिवाय भूक थोडी परत आलीय, विशेषतः शुक्रवार-शनिवारी, म्हणजे पुढचं इंजेक्शन जवळ आलं की. आणि केस! न्हाणीच्या जाळीवर रोज गुंता निघतो. विंचरायची भीती वाटते.

माझे प्रश्न असे:

औषध लागू पडायचं थांबलं का? डॉक्टर ७.५ करू म्हणतात. ५ च्या चार व्हायल्सनाच (औषधाच्या छोट्या बाटल्या) महिन्याला हजारो रुपये जातात, पुढचा डोस आणखी महाग. आमचा पगार एकच. धाकटीचं कॉलेज जूनमध्ये सुरू होतंय.

केस परत येतात का?

आणि सगळ्यात मोठा प्रश्न, हे कधी थांबवायचं? सासूबाई म्हणतात, आता बारीक झालीस, पुरे कर. ह्यांनी वाचलं की मार्च २०२६ मध्ये सेमाग्लूटाइड या वजनाच्या दुसऱ्या औषधाचं आपल्याकडचं पेटंट संपलं, त्यामुळे ते स्वस्तात मिळेल, त्यावर जाऊ. मला मात्र थांबवायच्या विचाराने झोप लागत नाही. ते ९६ किलो मला परत नकोत.

— कोयनाकाठ

प्रतिसाद, रानजाई:

ताई, मी ठाण्याची, वय ५२, याच औषधावर चौदा महिने होतील. तुमचा धागा वाचताना माझा आठवा महिना आठवला.

औषध थांबलेलं नाही. वजन उतरलं की शरीराला लागणारी ऊर्जाही कमी होते, शिवाय शरीर भूक वाढवून गेलेलं वजन परत मागतं. औषधाचा जोर आणि शरीराची ओढ सारखी झाली की काटा थांबतो. या औषधाची मोठी चाचणी ७२ आठवड्यांची होती. त्यात ५ मिलिग्रॅमवाल्यांचं वजन सरासरी १५ टक्के उतरलं, १५ मिलिग्रॅमवाल्यांचं जवळपास २१. तुमचे १३ किलो म्हणजे साडेतेरा टक्के झाले. ताई, तुम्ही मागे पडलेल्या नाही आहात.

डोसबद्दल मी काय केलं ते सांगते. मी ५ वरच राहिले, कारण माझ्या डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला आकडा हवाय की गुडघे?" पुढच्या सहा महिन्यांत फक्त तीन किलो उतरले, पण कंबर दोन इंच कमी झाली. तुमची साखर आणि गुडघे सुधारले असतील तर "याच डोसवर राहिले तर चालेल का" हे स्पष्ट विचारा. वाढवायचाच असेल तर किमान चार आठवडे एका डोसवर काढावे लागतात, घाई नसते.

केस: माझेही गेले. वजन भराभर उतरलं की दोन-तीन महिन्यांनी गळती लागते, बाळंतपणानंतर लागते तशीच. वजन स्थिरावल्यावर माझ्या कपाळापाशी बारीक नवे केस उभे राहिले. लोह, बी १२ आणि थायरॉइड मात्र तपासून घ्या.

आणि मी केलेली चूक करू नका. भूक नाही म्हणून मी चहा-बिस्किटांवर दिवस काढले. उतरणाऱ्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतो, त्यात स्नायूही जातात. मला पाण्याची कळशी उचलवेना तेव्हा डोळे उघडले. आता ताटात आधी अंडी, मूग, सोयाबीन किंवा मासे, भात शेवटी. आठवड्यातून तीनदा रबरी पट्ट्यांचा व्यायाम करते.

प्रतिसाद, पिंपळपार:

वहिनी, थांबवण्याबद्दल माझं ऐका. मी पाच महिन्यांनी स्वतःच्या मनाने बंद केलं, कुणाला न विचारता. तीन आठवड्यांत भूक अशी आली की रात्री उठून पोळ्या खायचो. सात-आठ महिन्यांत ११ पैकी ९ किलो परत. तेव्हा स्वतःला फार शिव्या दिल्या. नंतर कळलं की चाचणीतही हेच दिसलंय. ३६ आठवडे औषध देऊन निम्म्यांना नुसतं पाण्याचं इंजेक्शन दिलं, तर वर्षभरात त्यांचं वजन सरासरी १४ टक्के वाढलं. ज्यांनी चालू ठेवलं त्यांचं आणखी साडेपाच टक्के उतरलं. बीपीची गोळी बंद केल्यावर बीपी चढतं, तसंच हे. सासूबाईंना असंच समजावून सांगा.

औषध बदलणं डॉक्टरांवर सोडा. सेमाग्लूटाइडचा वजनासाठीचा नेहमीचा डोस २.४ मिलिग्रॅम, तुमचा ५. औषधं वेगळी आहेत, त्यामुळे या दोन आकड्यांची तुलना होत नाही. स्वस्त आहे म्हणून ऑनलाइन मागवू नका, बिल आणि बॅच नंबर देणाऱ्या मेडिकलमधूनच घ्या. आणि कधी ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू असल्याचं आधी सांगा, पोट उशिरा रिकामं होतं.

कोयनाकाठ:

रानजाईताई, भाऊ, मनापासून आभार. पाण्याच्या कळशीचं वाचून मी आत्ता उठून आमची भरलेली कळशी उचलून पाहिली. उचलली, पण हात थरथरले. हे मी अशक्तपणा समजून सोडून दिलं होतं.

शनिवारी डॉक्टरांकडे जातेय. ५ वरच राहता येईल का, रक्ताच्या तपासण्या, आणि महिन्याचा खर्च पेलला नाही तर काय करायचं, हे तिन्ही कागदावर लिहून नेते. ह्यांनाही सोबत नेणार आहे, आकडे त्यांनी स्वतः ऐकायला हवेत. तोवर रोज दोन अंडी सुरू करते. काय ठरलं ते रविवारी इंजेक्शन घेतल्यावर इथेच लिहीन.