एनएफएसची कॅशे भरलेली आहे, तरी नेटवर्क गेलं की सगळं लटकतं

कोकणकडा:
लिनक्स सर्व्हरवरचा एनएफएस ४.२ शेअर (नेटवर्कवरून वापरायचं फोल्डर) लॅपटॉपवर 'एफएससी' (वाचलेला डेटा डिस्कवर साठवण्याचा) पर्याय देऊन माउंट केलाय, म्हणजे जोडलाय. ती साठवण सांभाळणारी कॅशफाइल्सडी सेवा चालू आहे, कॅशे फोल्डरमध्ये १२ जीबी दिसतात. तरी व्हीपीएन तुटलं की फाइलींची यादी दाखवणारी 'एलएस' कमांडसुद्धा अडकते. डेटा डिस्कवर असताना असं का? सर्वेक्षणाला गेल्यावर नकाशे वाचता-लिहिता यायला हवेत.

रिकामा_बफर:
एफएस-कॅशे ('एफएससी'ने चालू होते ती) ऑफलाइन कामासाठी नाहीच, ती फक्त सर्व्हरवरून पुन्हापुन्हा वाचणं वाचवते. फाइल उघडताना क्लायंट सर्व्हरला विचारतो की ही बदलली आहे का, आणि उत्तर आल्यावरच कॅशेतला डेटा वापरतो. सर्व्हर गायब असेल तर 'हार्ड' माउंट (डीफॉल्ट तोच) वाट बघत बसतो. शिवाय फोल्डरची यादी या कॅशेत जात नाही, आणि लिहिण्यासाठी उघडलेल्या फाइलला ती बंद होते.

'सॉफ्ट' करू नका. मुदत संपली की प्रोग्रामला एरर मिळते आणि लिहिता लिहिता तसं झालं तर फाइल अर्धवट राहते. अडकलेली प्रोसेस 'किल -९'ने मरते, मग शेअर सोडवायला 'यूमाउंट -एल' द्या.

सह्यकडा_२:
तुम्हाला हवंय ते कोडा या फाइल सिस्टिमने केलं होतं. कार्नेगी मेलनमध्ये सत्यनारायणन यांच्या गटाने १९८७ मध्ये एएफएस या आधीच्या नेटवर्क फाइल सिस्टिमवरून ते सुरू केलं. कोणत्या फाइली जवळ हव्यात ते प्राधान्य देऊन सांगायचं, त्या आधीच उतरवल्या जायच्या. संपर्क तुटला की बदल लॉगमध्ये साठायचे, जोडला की सर्व्हरवर तेच पुन्हा चालवले जायचे. त्यांच्या एएफएसच्या मोजणीत ९९ टक्क्यांहून जास्त बदल आधीच्याच माणसाने केलेले निघाले, म्हणून कुलूप न लावता चालून जातं हे धाडस त्यांनी केलं. आजच्या कामासाठी मात्र सिंकथिंग (संगणकांमधली फोल्डरं जुळती ठेवणारा प्रोग्राम) घ्या. दोन्हीकडे पूर्ण प्रत राहते, आणि एकाच फाइलचे दोन बदल भिडले तर एक प्रत 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' नावाने बाजूला ठेवली जाते. फोल्डरं हजारोंनी असतील तर आयनोटिफायची (बदल झाल्याची खबर देणारी लिनक्सची सोय) वॉच मर्यादा वाढवा, नाहीतर बदल पुढच्या पूर्ण स्कॅनपर्यंत, म्हणजे साधारण तासाभराने, पोचतील.

कोकणकडा:
नकाशे जिओपॅकेज स्वरूपात आहेत, क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्राममध्ये उघडतो. चालेल?

रिकामा_बफर:
चालेल, पण उघडी असताना नाही. जिओपॅकेज म्हणजे एसक्यूलाइटचा, एकाच फाइलमध्ये मावणारा डेटाबेस. काम चालू असताना शेजारी 'वॅल' फाइल तयार होते आणि ताजे बदल तिच्यात असतात. मूळ फाइल आणि वॅल वेगवेगळ्या क्षणी पोचल्या तर पलीकडे डेटाबेस बिघडतो. वॅल वगळूनही भागत नाही, कारण मग ताजे बदलच जाणार नाहीत.

सिंकथिंगमध्ये फोल्डर पॉज करा, काम करा, क्यूजीआयएस बंद करा, वॅल फाइल नाहीशी झाल्याचं बघा, मग पॉज काढा. सर्वेक्षणाला प्रत्येकाने आपापली वेगळी जिओपॅकेज न्यावी आणि परत आल्यावर एकाने एकत्र करावी. डेटाबेसच्या आतले भिडलेले बदल सिंकथिंगला दिसत नाहीत, त्याच्यासाठी ती एकच फाइल असते.