किब्बरला महिनाभर राहायचं असेल तर

किब्बर हे हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातलं गाव. तिथल्या लांब मुक्कामासाठी बहुतेक जण जून-जुलै सुचवतात, कारण तेव्हा रस्ते उघडे असतात. रस्त्यांचं बरोबर आहे, पण त्या दिवसांत गाव शेतावर असतं. वर्षाला एकच पीक, जव नाहीतर वाटाणा, आणि तेही डोंगरातून कूलने, म्हणजे पाटाने, आणलेल्या वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर. नुसतं बसून राहणारा पाहुणा तेव्हा ओझं होतो. थंडीत मात्र सगळं घर एका खोलीत, तंदूरभोवती (खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीभोवती) येतं, आणि खऱ्या ओळखी तिथेच होतात. मी तर थंडीच सुचवेन.

मात्र तेव्हा नळ गोठतात, म्हणून कोरडा संडास वापरावा लागतो. वरच्या मजल्यावर जमिनीत एक भोक, शेजारी मातीचा ढीग आणि फावडं. झालं की माती ढकलायची, पाणी अजिबात ओतायचं नाही. खाली साठलेलं खत पुढे शेतात जातं, त्यामुळे तिथे प्लास्टिक किंवा पॅड टाकणं म्हणजे त्यांच्या शेतात कचरा टाकणं. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

जाताना शिमला-किन्नौरमार्गेच जा. मनालीकडून येणारी कुंझुम खिंड हिवाळ्यात बंदच असते, आणि या वाटेने उंची हळूहळू वाढते. कल्पा, ताबो, मग काझा असे मुक्काम करा. किब्बर ४२०० मीटरच्या आसपास आहे, तेव्हा डोकं ठणकत असेल किंवा उलट्या होत असतील तर काझाहून वर चढूच नका.