‘वाफ’, ‘पट्टी’, ‘नळी’, ‘कळ’: घरच्या आरोग्ययंत्रांना मराठीत काय म्हणावं?

गौतमी
घरी वापरायच्या वैद्यकीय यंत्रांसाठी मोठ्या अक्षरांतली मराठी लेबलं आणि फ्रिजवर लावायचा एक सूचनातक्ता तयार करायचा आहे. वाचणारे सत्तरीच्या पुढचे. मुलं परगावी किंवा परदेशी, त्यामुळे निम्म्या सूचना फोनवरूनच मिळणार. म्हणून शब्द असा हवा की ऐकताक्षणी हात नेमक्या वस्तूकडे जावा.

रक्तदाबमापक, शर्करामापक, प्राणवायू संकेंद्रक (ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर) हे कोशातले शब्द माहीत आहेत. खरी अडचण बोलण्यातल्या शब्दांची आहे, कारण एकेका शब्दात तीन-तीन वस्तू बसल्या आहेत. सुरुवात ‘वाफ’पासून करू या. नेब्युलायझरलाही ‘वाफेचं मशीन’ म्हणतात आणि सर्दीसाठी पाणी उकळणाऱ्या भांड्यालाही. दोन्ही एकाच कपाटात असली तर काय लिहावं?

शुभदा
गौतमीताई, हा गोंधळ नुसता शब्दाचा राहत नाही, तो छातीपर्यंत पोचतो. नेब्युलायझरमध्ये काहीही तापत नाही. कॉम्प्रेसरची दाबाची हवा औषधाच्या कपात शिरते आणि द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब करते. वाफ ही उष्णतेनं होते, हे तर तुषार आहेत.

‘वाफ’ म्हटल्यामुळे दोन उलट्या चुका होतात. एक, नेब्युलायझरच्या कपात साधं पाणी ओततात. नळाच्या पाण्यातले जंतू थेट फुप्फुसात जातात आणि मीठ नसलेल्या पाण्याच्या थेंबांनी दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका आवळू शकतात. औषध पातळ करायला सांगितलं असेल तर ०.९ टक्क्यांचं सलाईनच वापरायचं. दुसरी चूक म्हणजे छोट्या प्लॅस्टिक कुपीतलं औषध वाफाऱ्याच्या पाण्यात टाकणं. वाफ पाण्याची होते, औषध भांड्यातच राहतं.

म्हणून माझी सूचना: एकाला ‘वाफारा’, दुसऱ्याला ‘औषधाचे तुषार’.

कौस्तुभ
‘तुषार’ कवितेतला वाटेल, पण तसं नाही. तुषार सिंचन आणि ठिबक सिंचन हे दोन्ही शब्द महाराष्ट्रातला प्रत्येक शेतकरी रोज वापरतो, दोन्हींतला फरकही त्याला नीट ठाऊक असतो. ‘फवारा’ मात्र घेऊ नये. द्राक्षाच्या पट्ट्यात फवारणी म्हटलं की कीटकनाशकच डोळ्यांपुढे येतं, आणि नाकात मारायच्या स्प्रेलाही बरेच जण फवाराच म्हणतात. दम्याच्या इन्हेलरला ‘पंप’ हा शब्द रुळलेला आहे, तो तसाच ठेवावा.

अनंत
शब्द पटला, तरी खुद्द डॉक्टरच ‘दिवसातून तीनदा वाफ घ्या’ म्हणतात त्याचं काय करायचं? घरी नवा शब्द आणि दवाखान्यात जुना, यातून आणखी घोळ होईल. माझ्या मते लेबलावर ‘औषधाची वाफ’ लिहावं आणि त्याखाली ‘पाणी घालू नये’. वाफाऱ्यावर ‘पाण्याची वाफ’, खाली ‘औषध घालू नये’. शास्त्रानुसार चूक आहे हे मान्य, पण ऐकलेल्या शब्दाशी जोडलेलं राहतं.

शुभदा
अनंतराव, हे पटलं. ‘औषधाची वाफ’ चालेल, मनाई मात्र ठळक हवी. तक्त्यासाठी कृती अशी: हात धुऊन कुपी (साधारण २.५ मिली) कपात पूर्ण रिकामी करावी. ताठ बसावं, कप उभा धरावा. आडवा झाला की औषध नळीच्या तोंडापासून दूर जातं आणि तुषार थांबतात. मास्क गालांना टेकलेला असावा, नाहीतर औषध डोळ्यांत जातं आणि वाया जातं. ७ ते १० मिनिटांत फुरफुर आवाज येऊ लागतो, तेव्हा कपावर टिचकी मारावी. तरीही फुरफुर सुरूच राहिली तर औषध संपलं असं समजावं. कप रोज धुऊन उघड्यावर पूर्ण वाळवावा. औषध स्टेरॉइडचं असेल तर नंतर चूळ भरावी आणि तोंड धुवावं, नाहीतर जिभेवर पांढरा बुरशीचा थर येतो.

रेवती
आता ‘पट्टी’. बीपीच्या यंत्राची दंडाला गुंडाळायची ती पट्टी, साखर तपासायची ती पट्टी, जखमेवरची पट्टी, तापात कपाळावर ठेवायची ती पाण्याची पट्टी आणि काही घरांत गोळ्यांचं पाकीटसुद्धा ‘पट्टी’च. फोनवर ‘पट्टी नीट लावली का?’ विचारलं तर यातली कुठली?

इथे मराठीचं व्याकरणच मदतीला येतं. मोठं ते पुल्लिंगी, लहान ते स्त्रीलिंगी: गाडा-गाडी, सुरा-सुरी, आणि तसंच पट्टा-पट्टी. दंडाचा तो ‘पट्टा’, साखरेची ती ‘पट्टी’, गोळ्यांचं ते ‘पाकीट’, जखमेला ‘ड्रेसिंग’. कुणालाही शिकवावं लागणार नाही. रक्त काढायच्या सुईला ‘टोचणी’ हा नेमका शब्द आपल्याकडे आहेच.

पट्ट्याबद्दल दोन गोष्टी तक्त्यात हव्यातच. त्यावर २२ ते ३२ सेंटिमीटर असं माप छापलेलं असतं, ते दंडाच्या घेराचं आहे. दंड त्याहून जाड असेल तर आकडा खोटा चढा येतो, मोठा पट्टा वेगळा घ्यावा लागतो. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीच्या २-३ सेंटिमीटर वर, पट्ट्याखाली बाही नको. ५ मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पावलं जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीवर. मग एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा.

अनंत
त्यातच आणखी एक शब्द अडतो. आपण म्हणतो ‘वरचं बीपी’ आणि ‘खालचं बीपी’. पण बऱ्याच यंत्रांच्या पडद्यावर तीन आकडे एकाखाली एक असतात आणि सर्वांत खाली असतात नाडीचे ठोके. ‘खालचं किती?’ विचारलं की माणूस प्रामाणिकपणे ठोके वाचून दाखवतो. आकुंचन-प्रसरण हे शब्द फोनवर कामाचे नाहीत. ‘पहिला, दुसरा, तिसरा आकडा’ असंच विचारावं आणि तसंच लिहावं.

गौतमी
हे ध्यानात आलं नव्हतं, तक्त्यात घेते. आता माझा सर्वांत अवघड प्रश्न: ‘ऑक्सिजन किती आहे?’

कौस्तुभ
या एका प्रश्नाला चार उत्तरं आहेत आणि चारही आकड्यांत.

पहिलं, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरचं. त्यात लाल आणि अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश बोटातून आरपार जातो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के ऑक्सिजन घेऊन चाललंय ते कळतं. ही कल्पना १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी पुढे आणली. त्याच पडद्यावर ठोकेही असतात, म्हणून ‘७२’ ऐकून घाबरण्याआधी तो कुठला आकडा ते विचारावं. बोट गार असेल, नखाला गडद रंग किंवा काळी मेंदी असेल, तर आकडा खोटा येतो. बोट चोळून गरम करावं, हात स्थिर ठेवावा आणि आकडा ठरेपर्यंत अर्धं मिनिट थांबावं.

दुसरं उत्तर प्रवाहाचं, यंत्रावरच्या काचनळीतली गोळी कुठे आहे ते. ‘दोनवर ठेवलाय’ म्हणजे मिनिटाला दोन लिटर. नुसतं ‘लिटर’ म्हटलं की दुधासारखा साठा डोळ्यांपुढे येतो, म्हणून ‘मिनिटाला’ हा शब्द गाळू नये. रेघ गोळीच्या मधोमध यायला हवी, डोळे गोळीच्या पातळीवर आणून बघावं.

तिसरं उत्तर शुद्धतेचं. कॉन्सन्ट्रेटर हवा आत घेतो, झिओलाइटच्या खड्यांत नायट्रोजन अडकवतो आणि सुमारे ९३ टक्के ऑक्सिजन बाहेर सोडतो. यंत्राच्या कागदावरचं हे ९३ आणि बोटावरचं ९३ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात.

चौथं सिलिंडरमधली शिल्लक. १० लिटर पाणी मावेल एवढं घरगुती ‘बी टाइप’ सिलिंडर १५० किलोच्या दाबाला भरलं की साधारण १५०० लिटर वायू होतो. काटा ७५ वर आला की उरले ७५०. मिनिटाला दोन लिटरनं ३७५ मिनिटं, म्हणजे सव्वासहा तास. काटा लाल पट्ट्यात जायच्या आधी बदलायचं ठरवलं तर पाचच तास हाताशी आहेत असं समजावं.

म्हणून शब्द चार हवेत: ‘बोटावरचा आकडा’, ‘मिनिटाला लिटर’, ‘यंत्राची शुद्धता’, ‘सिलिंडरची शिल्लक’. ‘प्राणवायू’ सुंदर शब्द आहे, बातमीत तो शोभतोही. पण चारही अर्थ त्यातही तसेच अडकून राहतात.

दिगंबर
थोडी भर. ‘संकेंद्रक’ही मला परका वाटतो. आपल्या शालेय रसायनशास्त्रात द्रावणाच्या कमी-जास्त तीव्रतेला ‘संहती’ म्हणतात, ‘सांद्रता’ हिंदीची. तरी घरात ‘कॉन्सन्ट्रेटर’ हाच शब्द चालू द्यावा, निदान दुरुस्तीला येणाऱ्याला फोनवर तोच कळतो.

वीज गेल्यावर काय, हेही त्याच लेबलावर हवं. ५ लिटरचं यंत्र साधारण ३०० ते ४०० वॅट घेतं; दिवा-पंख्यापुरता इन्व्हर्टर लवकर मान टाकतो. म्हणून सिलिंडर शेजारी आणि पाना त्याच्याच गळ्यात बांधलेला. आणि देवघर! समई, निरांजन, उदबत्ती, गॅस यांपासून ऑक्सिजन निदान ३ मीटर लांब. नाक कोरडं पडलं म्हणून पेट्रोलियम जेली किंवा तेल लावू नये, पाण्यात विरघळणारं मलम डॉक्टरांना विचारून घ्यावं. बोटावरचा आकडा उतरला म्हणून आपल्या मनानं लिटर वाढवणंही चूक. सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या बऱ्याच रुग्णांसाठी ८८ ते ९२ हेच लक्ष्य असतं; जास्त ऑक्सिजननं त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो.

शुभदा
‘नळी’ राहिली, आणि माझ्या लेखी ती सर्वांत धोक्याची. ‘नाकातली नळी’ ऑक्सिजनची असते आणि अन्नाचीही. ऑक्सिजनच्या नळीची दोन टोकं नाकपुड्यांच्या तोंडाशीच राहतात, ती निघाली तर घरचं कुणीही परत लावू शकतं. अन्नाची नळी नाकातून थेट जठरात गेलेली असते, ती निघाली तर घरी अजिबात घालायची नाही. चुकून श्वासमार्गात गेली तर अन्न फुप्फुसात जाईल. ‘नळी निघालीय, परत घाला’ हे वाक्य एका बाबतीत बरोबर, दुसऱ्या बाबतीत जीवघेणं. म्हणून ‘नाकावरची ऑक्सिजनची नळी’ आणि ‘पोटातली जेवणाची नळी’ असं पूर्ण म्हणावं. ‘अन्ननळी’ मात्र म्हणू नये, तो शरीरातला अवयव आहे.

रेवती
वॉकरला कुणी ‘पांगुळगाडा’ सुचवण्याआधीच सांगते, नको. गोड शब्द आहे, पण तो चालायला शिकणाऱ्या बाळाचा. शिवाय त्यात चाकं आली. तोल जाणाऱ्या माणसाचा वॉकर बहुधा बिनचाकी असतो: उचलायचा, पुढे टेकवायचा, मग पाऊल. ‘ढकला’ हे क्रियापद लेबलावर नकोच, ‘उचला, टेकवा, पाऊल टाका’ लिहावं. उंचीची खूण अशी: हात सैल सोडून उभं राहिल्यावर वॉकरची धरायची मूठ मनगटाच्या घडीशी यावी.

अनंत
तक्त्यावर मदतीच्या बटणासाठी ‘आपत्कालीन कळ दाबा’ असं लिहिलं जाण्याची शक्यता आहे, म्हणून बोलतो. कळ म्हणजे बटण, कळ म्हणजे वेदना, आणि ‘कळ काढा’ म्हणजे थोडं थांबा. छातीत कळ आलेल्या माणसानं ‘कळ दाबा’ वाचलं तर तो छाती दाबेल. ‘लाल बटण दाबा’ हेच लिहावं. न्हाणीघरात बटणाला दोरी हवी आणि ती जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत लोंबती, कारण पडलेला माणूस उठून भिंतीपर्यंत पोचत नाही. बटण वायफायवर चालत असेल तर राउटर इन्व्हर्टरवर घ्या. शेजारी १०८, ११२ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे क्रमांक.

गौतमी
दोन शब्द उरले. सांभाळणाऱ्या माणसाला काय म्हणावं, आणि तक्त्याचं शीर्षक ‘स्वतंत्र जगणं’ चालेल का?

दिगंबर
‘काळजीवाहू’ सरकारनं नेला आहे, ‘केअरटेकर’ बंगल्याचाही असतो. घरोघरी ‘मावशी’, ‘दादा’, नाहीतर ‘ब्यूरोच्या ताई’ म्हणतात. तक्त्यात ‘सोबतीला असणाऱ्यांनी’ लिहिलं तर कुणालाच उणं वाटणार नाही. कामाला ‘शुश्रूषा’ म्हणावं. मूळ ‘श्रु’ धातू, ऐकण्याची इच्छा हा त्याचा पहिला अर्थ. आजाऱ्याचं ऐकून घेणं शब्दातच आहे, म्हणून तो मला ‘देखभाली’पेक्षा फार जवळचा वाटतो. देखभाल पाण्याच्या पंपाचीही होते.

‘स्वतंत्र’ म्हटलं की मुलापासून वेगळं बिऱ्हाड केल्यासारखं वाटतं, ‘एकटं’ म्हटलं की कीव येते. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाबद्दल अभिमानानं म्हणतात, ‘अजून आपलं आपण करतात.’ शीर्षक ‘आपलं आपण’ ठेवा.

गौतमी
‘आपलं आपण’ ठरलं. लेबलं पक्क्या गोंदाची करते, कॉन्सन्ट्रेटरच्या लेबलावर ‘मिनिटाला ___ लिटर’ अशी मोकळी जागा ठेवून.

कौस्तुभ
ताई, ती जागा काढा. ही यंत्रं बरेचदा रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून अनामत भरून आणलेली असतात आणि काम झालं की पुढच्या घरी जातात. लेबल यंत्रासोबत जाईल आणि एकाचे लिटर दुसऱ्याला लावले जातील. लिटरचा आकडा यंत्राचा नाही, माणसाचा आहे. तो फ्रिजवरच्या तक्त्यात, रुग्णाच्या नावाखाली, तारीख घालून, पेन्सिलीनं लिहावा. आणि लेबल मागच्या जाळीवर चिकटवू नका, यंत्र हवा तिथूनच घेतं.