बंद ट्रेलर: पाटीवरचं वजन आणि आतली ओल

सामानासाठी गाडीमागे ओढायचा बंद ट्रेलर घ्यायचा तर सिंगल अ‍ॅक्सलचा, म्हणजे एकाच आसाचा, ६ बाय १२ फुटी पुरे, असं म्हणतात ते पटतं. पण वजनाचा हिशोब राहिलाय. अमेरिकेत या मापाच्या बऱ्याच ट्रेलरच्या पाटीवर कमाल वजन २,९९० पौंड असतं, ते सामान आणि ट्रेलर दोन्ही धरून. रिकामा ट्रेलरच १,२०० च्या आसपास भरतो. भरताना साधारण ६० टक्के भार चाकांच्या पुढे ठेवा. मागे गेला की हायवेवर ट्रेलर डुलायला लागतो.

आणि सामान त्यातच ठेवणार असाल तर झरोके हवेतच. आमच्या मंडळाचे ढोल आम्ही बिनझरोक्यांच्या ट्रेलरमध्ये ठेवले होते. हिवाळा संपता संपता दार उघडलं, तर छताच्या पत्र्यातून थेंब टपकत होते आणि ढोलांच्या पानांवर (वाजवायच्या बाजूंवर) हिरवट बुरशी! गळती नव्हती, आत कोंडलेल्या हवेतली ओलच गार पत्र्यावर पाणी होऊन साचली होती. फार वाईट वाटलं.