देवदूतांचे दर्शन मान्य, मग त्यांचे आवाहन निषिद्ध का?

प्रश्न
चौथ्या शतकात आशिया मायनरमधील (आजच्या तुर्कस्तानातील) लावदिकीया येथील ख्रिस्ती धर्मसभेने पस्तिसाव्या नियमात देवदूतांच्या आवाहनाला, म्हणजे त्यांना प्रार्थनेत हाक मारण्याला, छुपी मूर्तिपूजा ठरवले. त्याच काळात हुतात्म्यांना झालेल्या देवदूतांच्या दर्शनांचे वृत्तान्त मात्र मोठ्या आदराने वाचले जात होते. या दोन्ही गोष्टींचा मेळ कसा घालावा?

प्रतिसाद १
दर्शन देवाकडून येते आणि आवाहनाला सुरुवात माणूस करतो, हा भेद येथे निर्णायक आहे. इ.स. 203 मध्ये उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे पर्पेतुआ या ख्रिस्ती स्त्रीबरोबर हुतात्मा झालेल्या सातुरसने आपल्या दृष्टांतात चार देवदूत आपल्याला हातही न लावता पूर्वेकडे घेऊन जात असल्याचे पाहिले. त्यांना त्याने बोलावले नव्हते. बायबलमधील ‘प्रकटीकरण’ या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात तर योहान पाया पडू लागताच देवदूतच त्याला थांबवतो आणि देवाला नमन करण्यास सांगतो.

प्रतिसाद २
तत्त्व म्हणून हे मान्य आहे, पण सामान्य भाविकांच्या आचरणात ही रेषा इतकी ठळक नव्हती असे मला वाटते. आशिया मायनरमधील मिलेतस या नगरातील नाट्यगृहाच्या भिंतीवरील लेखात नगराच्या रक्षणासाठी प्रमुख देवदूतांनाच साकडे घातले आहे. कॉन्स्टँटिनोपलजवळच्या मिखाएल या प्रमुख देवदूताच्या देवळाविषयी चर्चचा इतिहासकार सोझोमेन लिहितो की, तीव्र तापाने आणि काविळीने खंगलेल्या अक्विलिनस नावाच्या वकिलाने स्वतःला तेथे उचलून नेण्यास सांगितले. रात्री त्याला दर्शन झाले आणि मध, मद्य व मिरी यांच्या मिश्रणात अन्न बुडवून खाण्याची आज्ञा मिळाली. वैद्यांना हे औषध त्याच्या आजारास फार उष्ण वाटले, तरी तो बरा झाला. दर्शन व्हावे म्हणून मुद्दाम तेथे जाऊन रात्र काढणे हे आवाहनापासून कितीसे दूर आहे? पाचव्या शतकात बिशप थिओडोरेटही आशिया मायनरमधील फ्रुगिया व पिसिदिया या प्रांतांत देवदूतांच्या पूजेची प्रथा दीर्घकाळ टिकल्याचे नोंदवतो आणि मिखाएलाच्या प्रार्थनास्थळांचा उल्लेख करतो.

प्रतिसाद ३
लावदिकीयाच्या नियमात देवाची मंडळी (चर्च) सोडून वेगळे मेळावे भरवण्याचाही निषेध आहे, आणि माझ्या मते खरी मेख तेथेच आहे. मिखाएलाचे देऊळ मंडळीच्या छायेत होते, म्हणून ते खपले. देवदूतांच्या अनोळखी नावांची भीती त्याहून वेगळी होती: 745 च्या रोम धर्मसभेपुढे आल्डेबर्ट या वादग्रस्त धर्मोपदेशकाची प्रार्थना वाचली गेली, तेव्हा तिच्यातील आठ नावांपैकी मिखाएल वगळता बाकीची भुतांची ठरवण्यात आली, आणि मिखाएल, गब्रीएल व राफाएल या तिघांचीच नावे मान्य झाली.