मदत हवी आहे: वॉर्डातल्या सिस्टर्सना मानसिक रुग्णाचं सिम्युलेशन कसं द्यायचं?

रातपाळी: शुक्रवारी ट्रेनिंग घ्यायचंय. सीपीआर, कॅथेटर सगळं डमीवर होतं, पण "मला जगायचं नाही" असं डमी कशी म्हणणार? तयार प्रसंग असेल तर लगेच द्या. पीपीटी नकोत.

सायली_प: कुठला वॉर्ड? किती जणी? वेळ किती? काहीच लिहिलं नाहीत.

रातपाळी: फीमेल मेडिसिन, जनरल हॉस्पिटल. 15 जणी, दोन तास. सायकियाट्रिस्ट फक्त ओपीडीपुरते येतात.

माधव_टी: हेडफोनवर रेकॉर्ड केलेले आवाज ऐकवा आणि त्याच वेळी फॉर्म भरायला सांगा. भास म्हणजे काय ते पाच मिनिटांत कळतं. मी हेच घेतो.

जुनी_ट्यूटर: त्याने कळवळा येईल, बोलायचं काय ते येणार नाही. मेडिसिनला रोज येते ती कीटकनाशक प्यायलेली बाई. प्रसंग तिचाच घ्या. 22 वर्षांची सून, अ‍ॅट्रोपिन (विषावरचा उतारा) चालू, शुद्धीवर आहे. उशाशी सासू, सगळी उत्तरं तीच देते. सिस्टरने सासूला काहीतरी आणायला पाठवायचं, स्टूल ओढून बसायचं आणि सरळ विचारायचं, "जीव द्यायचा विचार अजून येतो का?" प्रसंग 10 मिनिटं, चर्चा 20. चर्चेला कात्री लावू नका, शिकणं तिथेच होतं.

माधव_टी: सरळ विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घातल्यासारखं होईल.

जुनी_ट्यूटर: नाही होत. विचारल्याने धोका वाढतो असा पुरावा नाही. उलट न विचारल्यामुळे बाई गप्प राहते आणि तशीच घरी जाते. आणखी एक, ती चादर ओढायला, असंबद्ध बोलायला लागली तर "डोक्यावर परिणाम झाला" म्हणून हातपाय बांधू नका. अ‍ॅट्रोपिन जास्त झालं असेल. नाडी, ताप, डोळ्यांच्या बाहुल्या बघा आणि डॉक्टरांना बोलवा.

श्रीधरकाका: पण आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ना? आधी पोलीस येतात.

सायली_प: काका, 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 115 वाचा. तीव्र ताणाखाली केलं असंच धरतात, शिक्षा होत नाही. एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद वेगळी.

शुभदा_योग: सिस्टर्सनाही ताण असतो हो. रोज अनुलोम-विलोम करायला सांगा, खूप फरक पडतो.

सायली_प: रातपाळी, रुग्ण कोण होणार? कुणाच्या घरात असं घडलेलं असेल तर तिला ती भूमिका देऊ नका, आधी एकटीला गाठून विचारा. मधूनच उठून जायची मुभा ठेवा. शेवटी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर सगळ्यांना द्या, त्यांच्यासाठीही.

रातपाळी: सासूचा प्रसंग घेते. सासू आमच्या वॉर्डातल्या मावशी करतील. पण रात्री एक सिस्टर आणि 40 पेशंट, स्टूल ओढून बसायला वेळ कुठला?

जुनी_ट्यूटर: मग दुसऱ्या फेरीत तेच घाला. बोलणं चालू असताना पलीकडून हाका येऊ द्या. दोनच मिनिटं मिळाली तरी बसूनच विचारायचं. उत्तर "हो" आलं तर डॉक्टरांना कळवायचं, नोंद करायची, पलंग नर्सिंग स्टेशनसमोर घ्यायचा, ओढणी आणि फळं कापायची सुरी बाजूला ठेवायची. दिवसपाळीला हे तोंडी सांगायचं, नुसतं वहीत लिहून चालत नाही.