मूळ संख्या फॅक्टोरियल पद्धतीत लिहिल्या की शेवटी ०१ नाहीतर २१ च येतंय, असं का?

हळदपेठ_सांगली:
नमस्कार मंडळी, मी बीएस्सी सेकंड इयरला आहे, सांगलीत मार्केट यार्डात वडिलांचं हळदीचं दुकान आहे, दुपारी गिऱ्हाईक नसलं की वहीच्या मागच्या पानांवर गणितं करत बसतो. सध्या फॅक्टोरियल नंबर सिस्टीमचा नाद लागलाय. एकक दशक शतकाच्या जागी १, २, ६, २४, १२० अशी घरं (हीच फॅक्टोरियल, १ पासून त्या संख्येपर्यंतचा गुणाकार, जसं ४ चं १ गुणिले २ गुणिले ३ गुणिले ४ म्हणजे २४), पहिल्या घरात जास्तीत जास्त १, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, असं वाढत जातं. म्हणजे २३ ला तीन सहा, दोन दोन, एक एक, झाले ३२१. मी १०० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या अशा लिहून काढल्या, ७ चे १०१, २९ चे १०२१, ९७ चे ४००१, आणि २ आणि ३ सोडले तर एकूणएक ०१ किंवा २१ नं संपतायत. हे कायमचं आहे का १०० पर्यंतच?

कोयनाकाठ_कराड:
कायमचंच आहे रे. तिसऱ्या घरापासून पुढं ६, २४, १२० सगळ्यांना ६ नं भाग जातो, म्हणून शेवटचे दोन अंक म्हणजे ६ नं भागून उरलेली बाकी. ०१ म्हणजे बाकी १, २१ म्हणजे बाकी ५. बाकी ०, २, ४ आली की संख्या सम, ३ आली की ३ नं भाग जाणार. फक्त उलटं धरू नकोस, २५ चे पण १००१ च होतात.

वाईचे_मास्तर:
बाळ, वही जपून ठेव. घरागणिक माप बदलणं आपल्याकडं नवीन नाही, १९५७ च्या आधी ४ पैशांचा आणा आणि १६ आण्यांचा रुपया असाच हिशोब होता. आता एक कर, ५ पासून पुढच्या मूळ संख्यांचे वर्ग लिही आणि शेवटचे तीन अंक बघ.

हळदपेठ_सांगली:
सर, अंगावर काटा आला! ४९ चे २००१, १२१ चे १०००१, १६९ चे १२००१, ५२९ चे ४२००१. सगळीकडं ००१!!

वाईचे_मास्तर:
शेवटचे तीन अंक म्हणजे २४ नं भागून उरलेली बाकी. मूळ संख्येच्या आधीची आणि नंतरची संख्या घे, दोन्ही सम, त्यातल्या एकीला ४ नं भाग जातो म्हणून गुणाकाराला ८ नं जातो, आणि लागोपाठच्या तीन संख्यांत एक ३ ची असते, ती मधली नाही म्हणजे या दोघींतलीच एक. ८ त्रिक २४. आणि तो गुणाकार म्हणजेच वर्गातून १ वजा.

हळदपेठ_सांगली:
अजून एक, २१, ३२१, ५४३२१, ६५४३२१ म्हणजे ५, २३, ७१९, ५०३९ सगळ्या मूळ, मग मधली ४३२१ का नाही? ती ११९, ७ गुणिले १७.

कोयनाकाठ_कराड:
या सगळ्या फॅक्टोरियल वजा १ आहेत, ११९ म्हणजे ५ चं फॅक्टोरियल वजा १. त्यामुळं २ ते ५ पैकी कुणानंच भाग जात नाही, पण त्याच्या पुढच्या मूळ संख्येनं जाणार नाही अशी हमी कुठाय, ७ नं गेलाच की. ७६५४३२१ पण फुटते, ४०३१९ म्हणजे २३ गुणिले १७५३. फायदा एवढाच की ५०३९ तपासायला ७ पर्यंत बघायलाच नको, ११ पासून सुरू कर आणि ६७ ला थांब, ७१ चा वर्ग ५०४१ होतो.